स्विचसाठी अडीच-तीन हजारांत वायरलेस कंट्रोलर : सांगली-मिरजेत कुणी घेतलाय का?

हळदवाली_विश्रामबाग

घरी निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल आहे, ओएलईडी मॉडेल. भाऊ सिंगापूरला असतो, त्याने भाचरांसाठी आणला. पण मुलं झोपली की तो माझा असतो. मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघते. हळदीचे सौदे जोरात असले की दिवसभर बोटं कीबोर्डवर, आणि रात्री जॉयकॉन (स्विचसोबत येणारा छोटा कंट्रोलर) हातात घेतला की उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. जॉयकॉनमध्ये काही बिघाड नाही, माझ्या हाताला ते बारीक पडतात एवढंच. दोन्ही तळव्यांत भरून बसेल असा कंट्रोलर हवा आहे. बजेट अडीच हजार, फार तर तीन. निन्टेन्डोचा स्वतःचा प्रो कंट्रोलर त्यात बसत नाही.

मला काय लागतं ते नीट सांगते. झेल्डा खेळताना धनुष्याचा नेम मी कंट्रोलर हलवूनच धरते, अंगठ्याने ढकलायच्या काठीने, म्हणजे नुसत्या अ‍ॅनालॉगने मला जमत नाही आणि शिकायचंही नाही. धाकटी मारिओ कार्ट चालवते तीही कंट्रोलर स्टिअरिंगसारखा वाकडा करून. म्हणजे जायरो, हालचाल ओळखणारा सेन्सर, पाहिजेच. दुसरं, टीव्ही हॉलमध्ये आहे आणि सासूबाई तिथेच दिवाणावर झोपतात. टीव्हीचा आवाज बंद करता येतो, बटणांच्या टकटकीचं काय करायचं? त्यांची झोप आधीच कमी आहे, माझ्या खेळापायी ती मोडलेली मला चालणार नाही.

मारुती रोडला एका दुकानात विचारलं. त्यांनी एक खोका पुढे केला, त्यावर पीसी, मोबाईल, टीव्ही, स्विच सगळंच छापलेलं. "जायरो आहे का?" विचारलं तर म्हणाले, "आहे की, व्हायब्रेशन आहे." मी तशीच परत आले. पुतण्याकडे असलाच एक बिननावाचा कंट्रोलर होता, काही महिन्यांत अंगठा न लावताही गाडी डावीकडे वळायला लागली. पुन्हा तसंच घडू नये म्हणून विचारतेय. हॉल इफेक्ट असलेला घ्या असं सगळे म्हणतात, त्याने खरंच फरक पडतो का? आणि इथे बघून घ्यावा की ऑनलाइन?

तासगावकर_गेमर

ताई, घरात किंवा नात्यात कुणाकडे पीएस४ चा कंट्रोलर पडून आहे का? असेल तर नवीन घेऊच नका. ८बिटडू कंपनीचा छोटासा यूएसबी वायरलेस अ‍ॅडॉप्टर येतो, तो स्विचच्या डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) लावायचा, की पीएस४-पीएस५ चे कंट्रोलर स्विचवर चालतात. मी तसंच खेळतो. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये जायरो असतो, त्यामुळे नेमही धरता येतो. एक्सबॉक्सचा कंट्रोलरही जोडला जातो, पण त्यात जायरो मुळातच नाही, म्हणजे तुमच्या कामाचा नाही.

कृष्णाकाठ

माझं मत जरा वेगळं आहे. थोडे दिवस थांबा, पैसे साठवा आणि निन्टेन्डोचा प्रो कंट्रोलरच घ्या. १३०० एमएएच बॅटरी, एका चार्जिंगला साधारण ४० तास. एचडी रम्बल म्हणजे बारीक व्हायब्रेशन, अमीबो (निन्टेन्डोच्या टेकवायच्या बाहुल्या) वाचायला एनएफसी, सगळं आत. बाकीच्यांत यातलं काही ना काही कापलेलंच असतं. रोज रात्री खेळणाऱ्या माणसाने चांगली वस्तू घ्यावी.

मिरज_सोल्डर

ताई, मी मिरजेत मोबाईल आणि गेमचं सामान दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक कंट्रोलर एकाच रोगाने येतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

साधा कंट्रोलर उघडला की अ‍ॅनालॉगच्या खाली पत्र्याचा एक चौकोनी सांगाडा दिसतो आणि त्याच्या दोन बाजूंना नखाएवढ्या चपट्या डब्या, बऱ्याचदा हिरव्या. एक डबी डावं-उजवं मोजते, दुसरी पुढं-मागं. प्रत्येकीत कार्बनचा काळा पट्टा असतो आणि त्यावरून धातूची बारीक जीभ घासत फिरते. अंगठा हलला की जीभ सरकते, रोध बदलतो, त्यावरून अंगठा कुठे आहे ते कन्सोलला कळतं. घासतंय म्हटल्यावर झिजणार. जुनी डबी उघडून भिंगाखाली धरली की पट्टा मध्यावर खरवडलेला दिसतो आणि कडेला काळी भुकटी साचलेली. मध्यावरच, कारण अंगठा दर वेळी तिथूनच निघतो आणि तिथेच परततो. तुमच्या पुतण्याची गाडी डावीकडे जात होती ती यामुळेच. कितीही महाग कंपनी असू दे, हा पट्टा असला की हे कधी ना कधी होणार. कृष्णाकाठ दादा, तुम्ही सांगता तो प्रो कंट्रोलर बांधणीला उत्तम आहे, पण त्याच्याही अ‍ॅनालॉगमध्ये घासणारा पट्टाच आहे. शिवाय त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत, वरून ओळखू येत नाहीत. कमी किमतीत 'ओरिजिनल प्रो' मिळतोय म्हणून कुणी सांगितलं तर अमीबो टेकवून बघा. बहुतेक नकलांत एनएफसी घातलेलंच नसतं.

हॉल इफेक्टमध्ये घासणारं काही नाही. काठीच्या बुडाला चुंबक, त्याच्यापासून अंतरावर सेन्सर. चुंबक हललं की क्षेत्र बदलतं, सेन्सरचं व्होल्टेज बदलतं, बस्स. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ साली शोधला आणि सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये तो १९९८ पासून होता. त्यामुळे ही काल आलेली फॅशन आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. हल्ली टीएमआर असं लिहिलेलंही दिसेल. तेही चुंबकावरच चालतं, सेन्सर वेगळ्या जातीचा. तुमच्या बजेटमध्ये दोन्हींतलं जे मिळेल ते घ्या. फरक पडतो का विचारलंत, तर हो, सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडतो. मात्र अमरपट्टा नाही. आतली स्प्रिंग सैल होते, अंगठ्याखालचं रबर गुळगुळीत होतं. ते बदलता येतं.

आता जायरो. इथे लोक फसतात, कारण खोक्यावर 'सपोर्ट्स स्विच' लिहिलेलं असलं तरी आत जायरो असेलच असं नाही. 'सिक्स अ‍ॅक्सिस' किंवा 'मोशन कंट्रोल' हे शब्द शोधा. व्हायब्रेशन म्हणजे आत फिरणारी मोटर, तिचा आणि जायरोचा काही संबंध नाही.

मॉडेल सांगायचं तर ८बिटडूचा अल्टिमेट २सी ब्लूटूथ बघा. हॉल इफेक्टचे अ‍ॅनालॉग आहेत, मोशन आहे, व्हायब्रेशन आहे, आणि तुमच्या बजेटच्या वरच्या टोकाला कुठेतरी मिळायला हवा. एनएफसी नाही, अमीबो वापरत असाल तर ते जॉयकॉनवर करा. पण नावाकडे डोळे फाडून बघा! याच कंपनीचा अल्टिमेट २सी वायरलेस नावाचा जुळा भाऊ आहे. दिसायला तसाच, रंगही तसेच, पण तो विंडोज आणि अँड्रॉइडसाठी आहे, स्विचला जोडला जात नाही. ऑनलाइन घेताना दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी येतात. ओळखायची सोपी खूण सांगतो : स्विचवाल्यावर ए बटण उजवीकडे आणि बी खाली असतं. पीसीवाल्यावर एक्सबॉक्ससारखं उलटं, ए खाली आणि बी उजवीकडे. एक्स आणि वाय सुद्धा उलटे. ही खूण बाकी कंपन्यांचे कंट्रोलर बघतानाही कामाला येते. उलट्या अक्षरांचा कंट्रोलर स्विचला चालला तरी पडद्यावर 'ए दाबा' आलं की अंगठा चुकीच्या बटणावर जाणार, मुलांचा तर जाणारच.

गुलिकिटचे कंट्रोलरही चांगले, हॉल इफेक्ट त्यांनी लवकर आणलं, पण बजेट ओलांडतील. पॉवरए या कंपनीला निन्टेन्डोचा परवाना आहे, त्यामुळे स्विचशी जुळण्याची चिंता नाही. मात्र त्यांच्या एन्हान्स्ड वायरलेसच्या जुन्या मॉडेलमध्ये व्हायब्रेशन नाही आणि दोन पेन्सिल सेल घालावे लागतात. मोशन आहे. पेन्सिल सेल मला स्वतःला वाईट वाटत नाहीत, सेल संपले तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात.

टकटकीचं. बटणाखाली रबराचा घुमट असेल तर ते मऊ दाबलं जातं, आवाज जवळजवळ नाही. 'मेकॅनिकल' किंवा 'मायक्रोस्विच' अशी जाहिरात असेल तर ते माऊसच्या क्लिकसारखं वाजतं, रात्री हॉलभर ऐकू जातं. तुम्ही असा घेऊ नका, कितीही भारी म्हणाले तरी. चारही बटणं, बाणांची बटणं आणि खांद्यावरची बटणं वेगवेगळी दाबून बघा, कारण बऱ्याच कंट्रोलरमध्ये पुढची चार मऊ आणि खांद्यावरची दोन कडक वाजणारी असतात. धनुष्य तर तुम्ही खांद्यावरच्या बटणानेच सोडणार. आणि व्हायब्रेशन स्विचच्या सेटिंगमधून बंद करता येतं. कंट्रोलर लाकडी टीपॉयवर ठेवला असला आणि मोटर फिरली की बटणांपेक्षा तोच जास्त घुमतो.

दुकानात की ऑनलाइन? दुकानात, पण स्विच पिशवीत घालून घेऊन जा. एवढा जमेचा मुद्दा दुसऱ्या कन्सोलला नाही, याला पडदा सोबतच आहे. दुकानदार जोडू देत नसेल तर तिथे घेऊ नका. जोडायला होम स्क्रीनवर कंट्रोलर्स, त्यात चेंज ग्रिप / ऑर्डर. जोडला की सिस्टीम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स उघडा. तिथे अ‍ॅनालॉग तपासायचा पडदा आहे, त्यात वर्तुळ दिसतं. काठी एका बाजूला पूर्ण ढकला आणि एकदम सोडून द्या. चारी बाजूंना असं करा. खूण दर वेळी मधोमध यायला हवी.

त्याच्या पुढची परीक्षा दुकानदारालाही माहीत नसते. झेल्डा लावा आणि काठी केसभर पुढे करा. लिंक, म्हणजे त्यातला नायक, हळूहळू पावलं टाकत चालायला हवा. काठी अर्धी ढकलेपर्यंत तो जागचा हलत नसेल आणि मग एकदम पळत सुटत असेल, तर कंपनीने मध्यावर मोठा डेडझोन, म्हणजे काठी हलली तरी काही न होणारा भाग, ठेवलाय. स्वस्त मालात झीज लपवायला हेच करतात. मग काठी कडेला टेकवून सावकाश गोल फिरवा. लिंक गोल फिरायला हवा, आठ दिशांना खटके घेत नाही. शेवटी धनुष्य ताणून कंट्रोलर काउंटरवर सपाट ठेवा. नेम आपोआप सरकायला लागला तर सेटिंगमधून मोशन कॅलिब्रेट करून पुन्हा बघा. तरी सरकला तर परत द्या.

आणखी एक, स्विच झोपवून कंट्रोलरचं होम बटण दाबा. पुष्कळ बाहेरच्या कंपन्यांचे कंट्रोलर त्याला जागं करू शकत नाहीत. हा दोष मानायचा की नाही ते तुमच्यावर. तुम्हाला रात्री अंधारात उठून डॉकपर्यंत जावं लागेल एवढंच.

कृष्णाकाठ

प्रो कंट्रोलरच्या आतही पट्टाच असतो हे लक्षात आलं नव्हतं. बॅटरीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. रोज दीड-दोन तास खेळलं तर ४० तासवाला तीनेक आठवडे निघतो, बाकीचे दहा-बारा दिवसांनी चार्जर मागतात.

मिरज_सोल्डर

बरोबर आहे दादा, तिथे तो पुढेच आहे. जॉयकॉनची बॅटरी ५२५ एमएएच आणि साधारण २० तास, परवडणारे कंट्रोलर त्याच्या आसपास फिरतात. ताई, चार्जिंगवरून आठवलं. स्वस्त कंट्रोलरला सी टाइप पोर्ट असला तरी आत दोन छोटे रोधक वाचवलेले असतात, त्यामुळे दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने तो चार्जच होत नाही. लोक 'डेड आहे' म्हणून माझ्याकडे आणतात. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की दिवा लागतो. तुम्ही डॉकच्याच यूएसबीला लावून ठेवा, वेगळा चार्जर नको. पॉवर बँकवर लावू नका, कंट्रोलर इतका कमी करंट ओढतो की काही पॉवर बँका काही जोडलेलंच नाही समजून बंद होतात.

सातारी_कंदी

ताईंच्या धाग्यात घुसतोय, माफ करा. साताऱ्यात गोडोलीला राहतो, होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघांत मिळून एक्सबॉक्स सीरिज एस घेतलाय. वरचे कंट्रोलर त्याला चालतील का? दादा, दुसरा कंट्रोलर स्वस्तात पाहिजे. एका मित्राकडे पीएस५ आहे, तोही विचारतोय.

मिरज_सोल्डर

नाही रे भावा, आणि हे आधी विचारलंस ते बरं केलंस. एक्सबॉक्सचं वायरलेस मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं आहे, साध्या ब्लूटूथचा कंट्रोलर त्याला जोडला जात नाही. मध्ये लावायची बिनपरवान्याची साधनंही १२ नोव्हेंबर २०२३ पासून अडवायला सुरुवात झाली, ०x८२डी६०००२ असा एरर येतो. परवान्याचे वायरलेस आहेत, पण ते मायक्रोसॉफ्टच्या कंट्रोलरहून महाग पडतात. त्यातही एक खोच आहे : काही कंट्रोलरवर 'वायरलेस' आणि 'एक्सबॉक्स' दोन्ही लिहिलेलं असतं, पण वायरलेस फक्त पीसीला, एक्सबॉक्सला वायरच लावावी लागते. तिघांत एका खोलीतच खेळणार असाल तर परवान्याचा वायरवाला, हॉल इफेक्टचा घ्या. कमी पैशांत तोच सगळ्यात टिकाऊ.

पीएस५ वाल्याला सांग, पीएस४ चा कंट्रोलर त्यावर फक्त पीएस४ च्या गेमला चालतो, पीएस५ च्या गेमला नाही. परवान्याचे वायरलेस तिथेही ड्युअलसेन्सपेक्षा (पीएस५ च्या सोनीच्या कंट्रोलरपेक्षा) महागच आहेत. त्याने सोनीचाच घ्यावा आणि अ‍ॅनालॉग गेले की बदलून घ्यावेत. हॉल किंवा टीएमआरचे सुटे अ‍ॅनालॉग येतात, पण सोल्डरिंगचं काम आहे, चौदा पाय सोडवावे लागतात, घरी करू नका.

तासगावकर_गेमर

दादा, जॉयकॉनलाही हॉलचे सुटे येतात ना?

मिरज_सोल्डर

येतात, गुलिकिटचे. तिथे सोल्डरिंग नाही, पट्टीची केबल काढून घालायची असते. मात्र तीन पाकळ्यांचा स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि पट्टीची कुलूपं फार नाजूक, नखाने उचकटली की तुटतात. कुणी करून देणारं असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या.

हळदवाली_विश्रामबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ दादा, तुमचा सल्ला पटला होता, पण दोन पोरांच्या फी भरायच्या महिन्यात तेवढे पैसे बाजूला काढणं जमणार नव्हतं.

काल अर्धी रजा होती. स्विच भाजीच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळला आणि धाकटीला घेऊन निघाले. पहिल्या दुकानात जोडून बघू दिलं नाही, तिथून निघाले. दुसऱ्या दुकानातला मुलगा चांगला होता, स्वतःच म्हणाला, "काकू, लावून बघा." त्याच्याकडे २सी दोन होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी आधी ए बटण कुठे आहे ते बघितलं, तर पहिल्या खोक्यात ए खाली! त्यालाही फरक माहीत नव्हता, त्याने लगेच मोबाईलवर शोधून दोन खोके वेगळ्या फळ्यांवर ठेवले. दुसऱ्यात उजवीकडे होतं, तो जोडला.

काठी सोडून बघितली, चारी बाजूंनी मध्यावर येते. लिंक हळू चालतो. केसभर ढकलल्यावर तो गवतातून एकेक पाऊल टाकत जाताना बघून त्या मुलालाही मजा वाटली, त्याने स्वतः करून बघितलं. नेम सपाट ठेवल्यावर किंचित सरकत होता, कॅलिब्रेट केल्यावर थांबला. बिल घेतलं, बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घेतलं.

रात्री खेळले. पुढची बटणं अगदी मऊ आहेत. खांद्यावरची वरची दोन थोडी वाजतात, पण खालच्या दोन मोठ्या, ज्यांनी मी धनुष्य ओढते, त्या बिनआवाजाच्या. सासूबाई उठल्या नाहीत. अंगठ्याचं एका रात्रीत काय सांगणार, पण हात आखडला नाही. धाकटीला मात्र दोन्ही हातांत मोठा वाटतो, ती मारिओ कार्टला जॉयकॉनच घेते. ठीक आहे, मग तो माझाच.

आता एक शंका. भाऊ म्हणतो पुढच्या खेपेला स्विच २ आणेन. हा त्यावर चालेल का? आणि स्विचचं अपडेट आलं की बाहेरचे कंट्रोलर बंद पडतात असं त्या दुकानातल्या मुलाने सांगितलं, ते खरं का?

मिरज_सोल्डर

ताई, छान काम केलंत, बिलावर नाव लिहून घेतलंत हे तर फारच चांगलं.

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. बाहेरचा कंट्रोलर निन्टेन्डोच्या कंट्रोलरची भाषा बोलतो, सिस्टीम बदलली की कधी कधी ती भाषा जुळत नाही. ५ जून २०२५ ला स्विच २ आला तेव्हा अनेक बाहेरच्या कंट्रोलरचं तसंच झालं, आणि मग कंपन्यांनी फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट दिले. ८बिटडू असे अपडेट देते, म्हणूनच बिननावाचा न घेता हा सांगितला होता. बिननावाला अपडेट देणारं कुणी नसतं. अपडेट स्विचमधून होत नाही. स्विचच्या सेटिंगमध्ये 'अपडेट कंट्रोलर्स' आहे ते फक्त निन्टेन्डोच्या मालासाठी. तुम्हाला कंपनीच्या साइटवरचं सॉफ्टवेअर विंडोजच्या कॉम्प्युटरवर घ्यावं लागेल आणि कंट्रोलर केबलने जोडावा लागेल. केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची असेल तर कॉम्प्युटरला कंट्रोलर दिसणारच नाही.

आत्ता सगळं नीट चालतंय तर काही करू नका. स्विच २ घरात आला आणि जोडला गेला नाही, तर आधी अपडेट टाका. घरी कॉम्प्युटर नसेल तर मिरजेला आलात की लक्ष्मी मार्केटच्या बाजूला येऊन मला निरोप टाका, पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे मी पैसे घेत नाही.